सहीच्या वरची जागा

पाचवी 'ब'च्या वर्गात, पोरांच्या बाकांवर
गुडघे पोटाशी घेऊन बसलो होतो
आम्ही एकेचाळीस पालक.
फळ्यावर कालचा लसावि तसाच होता.
दळवीबाई म्हणाल्या, अध्यक्ष पालकांतूनच हवा,
नावं द्या, चारला वरचा मजला बंद होतो.

मी नाव द्यायला आले नव्हते.
मी कडीचं विचारायला आले होते.
मुलींच्या संडासाला जूनपासून कडी नाही.
माझी चैताली भरलेली बाटली शाळेत नेते
आणि भरलेलीच परत आणते.

तेवढं विचारायला म्हणून उभी राहिले,
तर बाईंनी लसाविच्या खाली लिहूनच टाकलं :
कलिंदा वाघचौरे.
कालिंदी, म्हटलं. मागे कुणीतरी हसलं.
अशी मी उभी राहिले.

समोर गवस. दोन टेम्पो, एक मंडळ, कडक इस्त्री.
तो गणवेशाचं बोलला, सहलीचं बोलला,
साहेबांशी बोलणं झालंय, म्हणाला.
माझं कुणाशीच बोलणं झालं नव्हतं.
मी म्हटलं, कडी चाळीस रुपयांना मिळते,
खिंडीपाड्याच्या नाक्यावर.
पुढे सुचेना. बसले.

हात वर करा, बाई म्हणाल्या.
आमच्या बायकांचा हात सरळ वर जात नाही.
आधी ओढणी सावरतो, मग शेजारणीकडे बघतो,
मग कोपरापर्यंत येतो
बस थांबली तर थांबली, असा.
दोनदा मोजले. मला बावीस, गवसला सतरा.
दोघांनी हात मांडीवरून हलवलाच नाही.
बावीसातला एक माझा.
तेव्हा काखेतली उसवण दिसली असणार सगळ्यांना.

दुसऱ्या दिवसापासून नळावर : काय अध्यक्ष, पाणी कधी?
मी घरात खोट्या मोत्यांच्या माळा ओवते, ग्रोसावर पैसे.
दारात एकेक जण येऊन उभं राहतं,
मोती सांडतात, कॉटखाली जातात.
सगळ्यात आधी आली रुखसाना,
पोराचा जन्मदाखला घेऊन, दाखल्यावर नाव चुकलेलं.
कुणाचा हात कुणाला होता ते मी लक्षात ठेवलं नाही.
खोटं बोलले. ठेवलं होतं.
तिचा गवसला होता, मनगटात हिरव्या काचेच्या बांगड्या.
त्याच हाताने तिने कागद उलगडला, घडीवर फाटत आलेला,
आणि मी सुई बाजूला ठेवली.

सप्टेंबरात बाईंनी बोलावून वही पुढे केली.
ऑगस्टची सभा. झालीच नव्हती.
पाणी पुरेसे. स्वच्छता समाधानकारक. सर्वानुमते मंजूर.
खाली पेन्सिलीने बारीक फुली, माझ्या सहीसाठी.
बाई वाईट नाहीत.
दोन शिक्षक जनगणनेला, एक बाळंतपणाला,
चष्मा डोक्यावर ठेवून चष्माच शोधत असतात.
म्हणाल्या, आजवर सगळ्यांनी केली हो,
वरून अहवाल मागतात.

मी म्हटलं, आलेच.
जिन्याखालचं तिसरं दार ढकललं.
दार थोडं आत गेलं आणि अडलं.
आतून पायाने दाबून धरलेलं,
आणि एवढासा आवाज, चिडलेला :
आहे ना कुणीतरी!

परत आले. सातवीपर्यंतच शिकले मी,
अक्षर मोठं येतं, ओळीत मावत नाही.
'सर्वानुमते'च्या पुढे बोटभर जागा होती
तिथून सुरू केलं आणि समासात गेलं :
कडी नाही. आत कुणीतरी आहे.
मग फुलीवर सही. कालिंदी, सगळे काने-वेलांट्या देऊन.

बाईंनी चष्मा खाली ओढला.
दोन ओळींना वाचायला लागतो त्याहून जास्त वेळ घेतला.
मग वही माझ्याकडे फिरवली.
तारीख राहिली, म्हणाल्या.
आजची घाला.